झाडांना पाणी कोण घालणार?

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या सहलीचा बेत माई एकटी आखायची. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. कोणत्या तलावाशी मुक्काम, कोणता डोंगर चढायचा, स्वेटर कोणत्या पिशवीत, सगळं तिच्या पेन्सिलीने ठरायचं. आणि निघायच्या आदल्या दिवशी, मुलं गाडीत सामान भरत असताना, ती आपलं ठरलेलं वाक्य टाकायची, "मी आले तर झाडांना पाणी कोण घालणार?"

गॅलरीत कुंड्या होत्या सहा. त्यांतल्या दोन निवडुंगाच्या.

खरं कारण वेगळंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासरच्यांबरोबर घाट चढताना सातव्या वळणावर तिला उलटी झाली, तीही सासऱ्यांच्या कोऱ्या बुटांवर. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी उलट तिलाच पाणी दिलं, पण ते बूट पुन्हा कधी दिसले नाहीत. माईने कानाला खडा लावला. मुलांना तिने ताकास तूर लागू दिली नाही आणि नवरा विसरला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मुलं दर वर्षी प्रत्येक तलावाकाठचा एक गोटा तिच्यासाठी आणत, तो ती कुंडीत ठेवी. हळूहळू कुंड्यांत मातीपेक्षा दगडच जास्त झाले.

यंदा मात्र ते वाक्य बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. सुट्टी संपली की थोरली लेक नोकरीसाठी परदेशी जाणार होती. चौघांनी एकत्र निघायचा हा बहुधा शेवटचा उन्हाळा. पण वळणं आठवली की ती पेन्सिल खाली ठेवायची.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याची एक खोड कंपनीत सगळ्यांना पाठ होती. दुरुस्ती झाली की काठोकाठ भरलेला ग्लास लिफ्टमध्ये ठेवायचा आणि वरच्या मजल्यापर्यंत जायचं. पाणी सांडलं तर कागदावर सही नाही. साहेब वैतागायचे, हा ढिम्म.

तर हे महाशय गेले तीन रविवार सकाळीच गाडी घेऊन गायब होत आणि ओली पँट घालून परत येत. विचारलं तर म्हणे, काच धुतली. काच बाहेरून धुतात एवढं माईलाही कळत होतं.

चौथ्या रविवारी ती त्याच्या आधीच खाली उतरली. गाडीत पुढच्या सीटवर त्याचा कामावरचा स्टीलचा ग्लास होता आणि तपासणीचे छापील कागद. ‘मजला’ खोडून तिथे ‘वळण’ लिहिलेलं. पहिला रविवार, अर्धा ग्लास सांडला. दुसरा, पाव. तिसरा, दोन घोट. त्याखाली तिनेच आखलेला बेत, पण पार बदललेला. एका दिवसाचा रस्ता तीन दिवसांत कापायचा आणि घाटात दर सहा वळणांनंतर थांबायचं.

सहा. म्हणजे सातव्याच्या आधी. हा माणूस काहीएक विसरला नव्हता. इतकी वर्षं त्याने तिची थाप निमूट चालू दिली होती, एकदाही तिला तोंडघशी पाडलं नव्हतं. माईचे डोळे भरून आले. असा नवरा मिळाला म्हणून आपण कधी कुणाचे आभारच मानले नाहीत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात तो पाण्याची बाटली घेऊन आला आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"अहो, अशाने पाचातले दोनच तलाव होतील," ती म्हणाली. "माझ्यापायी पोरांचे तीन जायचे."

"त्या तिन्हींवर काट कुणी मारलीय ते बघ."

तिने पाहिलं. काट लेकीच्या जांभळ्या पेनाची होती. शेजारी धाकट्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: दगड आणून कंटाळलो, आता आईने स्वतः उचलावेत.

माई सीटवर बसली. ग्लास दोन्ही हातांनी मांडीवर धरला आणि त्याला म्हणाली, "भरा."

शहराबाहेरच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत सोळा वळणं. सहाव्यानंतर तो थांबला, बाराव्यानंतर थांबला. ती उतरली, वारा खाल्ला, पुन्हा बसली. टेकडी उतरताना मांडीवर चार थेंब सांडले. बाकी काही झालं नाही. घराशी गाडी कधी थांबली ते तिला कळलंही नाही. उरलेलं पाणी तिने घटाघटा पिऊन टाकलं.

मग वर जाऊन तिने शेजारणीची बेल वाजवली आणि घराची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"दहा दिवस झाडांना पाणी घालशील?" माई म्हणाली. "आम्ही चौघं चाललोय."