मामाची कमान

मामा घड्याळजी होता. तो गेला तेव्हा त्याच्या हत्यारांवरून घरात चांगलीच जुंपली. मामेभावाला सगळं भंगारात काढून खोली मोकळी करायची होती. मामी मात्र हटून बसली.

“ती भाचीची आहेत. यांनी मला बजावून ठेवलंय,” ती म्हणाली आणि जड लाकडी पेटी आणून तिने सरळ भाचीच्या मांडीवर ठेवली.

भाची दातांच्या कवळ्या बनवायची. घड्याळातलं तिला जुजबीच यायचं. सुट्टीत मामाच्या बाकाशी बसून पाहिलं होतं तेवढंच. पेटीत चिमटे होते, डोळ्याला लावायचं भिंग होतं, बोटाएवढ्या कानशी होत्या आणि तळहातावर मावेल अशी पितळी लेथ होती. तिला मोटर नव्हती. धनुष्यासारखी कमान मागेपुढे ओढली की लेथमधली सळई फिरायची.

“घरात आधीच एवढे दात,” नवरा म्हणाला, “त्यात आता घड्याळांची हाडं!” पण म्हणता म्हणता त्याने खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं.

तिने बंद पडलेली घड्याळं उघडायला सुरुवात केली. काही चालू झाली, काही बिचारी कायमची गेली. हात हळूहळू बसत होता. अशात तिचा खांदा धरला आणि ती फिजिओथेरपिस्टकडे गेली. ते जन्मांध होते. झाकण उघडून काट्यांवर बोट फिरवायचं आणि वेळ ओळखायची, असं घड्याळ त्यांच्या मनगटावर कायम असे. त्या दिवशी मनगट मोकळंच होतं.

“पडलं हो. आतला भाग आता कुठेच मिळत नाही म्हणतात,” ते म्हणाले. “मुलीने बोलतं घड्याळ आणून दिलंय. पेशंटचा जरा डोळा लागला की मेलं बोंबलतं!”

“मी बघू का?”

“तुम्ही तर दात करता ना?”

“चाकांनाही दातच असतात की, डॉक्टर!”

ते खो खो हसले आणि त्यांनी घड्याळ तिच्या हाती दिलं.

आत टिकटिकीची लय सांभाळणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस मोडला होता. म्हणजे इवलीशी पोलादी सळई, दोन्ही टोकांना केसासारखी बारीक. ती नवीनच घडवावी लागणार होती. भाचीने लेथवर पोलाद चढवलं. एका हातात कमान, दुसऱ्या हातात छिन्नी. टोक बारीक होत यायचं आणि ऐनवेळी कट्‌कन तुटायचं. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी रडकुंडीला येऊन तिने मामीला फोन केला.

“मामाला कसं जमायचं गं हे?”

“थांब, मी येते.”

मामी आली, खुर्ची ओढून बसली आणि तिने कमान स्वतःच्या हातात घेतली. “शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा. तेव्हा कमान मीच ओढायचे. ते दोन्ही हातांनी छिन्नी धरायचे. पोरांना कळू दिलं नाही. धर तू!”

भाचीने नवं पोलाद लेथवर चढवलं. मग तिने भिंग डोळ्याला लावलं. मामीची कमान एका लयीत जाऊ-येऊ लागली, ना धक्का ना घाई. पोलादाचा बारीक कीस सुटत राहिला. भाचीचे दोन्ही हात टेबलावर घट्ट टेकलेले होते. टोक निमुळतं होत गेलं, अजून निमुळतं, आणि या वेळी तुटलं नाही.

“मामी, झालं!”

“दुसरं टोक राहिलंय. नाचू नकोस.”

तेही झालं. आस बसवला, किल्ली दिली आणि चाक क्षणभर अडखळून भिरभिरायला लागलं. दोघी एकमेकींचे हात धरून खिडकीपाशी खरंच नाचल्या. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं काही सांडलं.

घड्याळ द्यायला त्या दोघी मिळूनच गेल्या. डॉक्टरांनी ते आधी कानाला लावलं. मग झाकण उघडलं, काट्यांवरून बोट फिरवलं आणि वेळ सांगितली. बिनचूक. बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

“माझ्या बऱ्याच मित्रांची अशी घड्याळं बंद पडून आहेत,” ते घाईघाईने म्हणाले. “कोण करतं म्हणून सांगू त्यांना?”

भाची तोंड उघडणार, इतक्यात मामी पदर खोचत पुढे झाली.

“आम्ही दोघी. द्या पाठवून!”