रणगाडा फोडणारं अंडं

"कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या अंड्याने रणगाडा फोडला!" तळघरात शेरआगाबाबाने फुशारकी मारली.

वर कुंदुझ शहरावर तोफा धडधडत होत्या. खाली मुलं ईदच्या रंगीत, उकडलेल्या अंड्यांची टक्कर लावत होती. ज्याचं अंडं फुटेल त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं. शेरआगाबाबाची नात महजबीन तेवढी गाल फुगवून बसली होती. शाळेच्या वाटेवरच्या पुलावर रणगाड्याने ठाण मांडलं होतं, आणि शाळेवाचून ती डॉक्टर होणार कशी?

पण आता तिचे कान टवकारले. "म्हणजे रणगाडा हरला?"

"टरबुजासारखा तडकला!"

"मग नियमाने तो आपला! बाबाजान, उद्यापासून मी त्यातच बसून शाळेत जाणार."

"भोंगा मी वाजवणार!" तिचा धाकटा भाऊ फरामर्झ ओरडला.

म्हातारा चपापला. पोरगी खरंच पुलावर गेली तर?

"अगं, आता कुठला रणगाडा? जिंकलेलं अंडं खातात ना? मीठ लावून, चावून चावून खाल्ला मी तो!"

महजबीनने कंदील उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला.

"बाबाजान, थापा मारता! तुमच्या तोंडात एक तरी दात आहे का?"