धाकूच्या गळ्यातला हार

सावर्ड्याच्या नाक्यावर नितेशचा स्टुडिओ. लग्न, बारसं, साखरपुडा, जे येईल ते. व्हिडिओ जोडायला कुणी शिकवलं नाही, मोबाईलवर बघून बघून शिकला, आणि त्याचा त्याला माज होता.

गंगारामकाका गेला, तेव्हा बाराव्याला दाखवायच्या व्हिडिओचं काम त्याच्याकडेच आलं. सख्खा चुलता. तीस वर्षं मुंबईत कॅन्टीनमध्ये राबला, शिमग्याला नि गणपतीला तेवढा घरी. आनंदीकाकीने नवरा घरात बघितला त्यापेक्षा फोटोत जास्त बघितला. तिने डब्यातून बारा फोटो काढून दिले. म्हणाली, "शेवटी तो हसतानाचा ठेव. मोठा करून."

पहिल्या फोटोत काका डाव्या कडेला उभा. नितेशने दोन कीफ्रेम मारल्या, म्हणजे चित्र कुठून कुठे न्यायचं त्याच्या खुणा. सुरुवातीची अख्ख्या फोटोची, शेवटची काकाच्या तोंडाजवळची. मधलं सरकणं सॉफ्टवेअर करतं, चित्र हळूहळू जवळ येतं. झकास जमलं. आता उरलेल्या अकरा फोटोंत प्रत्येकात माणूस शोधायचा, पुन्हा मापं घ्यायची. कोण करतंय? त्याने त्याच कीफ्रेम कॉपी केल्या, अकरा फोटो निवडले आणि सगळ्यांवर पेस्ट मारल्या. शेवटच्या फोटोवर दुसऱ्या कुणाच्या तरी श्रद्धांजलीतला हार नि पाकळ्या जशाच्या तशा चिकटवल्या. चालवून बघितलं नाही. लग्नाचं गिऱ्हाईक असतं तर चारदा बघितलं असतं. हे घरचंच काम.

बाराव्याची जेवणं उरकली आणि पडवीत टीव्ही लावला. सगळी वाडी बसली.

शेवटचा फोटो आला. पूर्णगडच्या किल्ल्यावर दोघे भाऊ. काका उजवीकडे, पोट धरून हसतोय. चित्र सरकलं ते डावीकडे. सरकत सरकत नितेशच्या बापाच्या, धाकूच्या तोंडावर येऊन थांबलं. त्याच्या गळ्यात हार पडला. पाकळ्या गळायला लागल्या.

धाकू समोरच खुर्चीत बसला होता, हातात अडकित्ता.

"घ्या," तो म्हणाला. "माझ्याच पोराने मला हार घातलान. मोठा मी. नंबर माझाच होता म्हणा."

कुणी हसलं नाही. राजश्रीआत्या मागून पुटपुटली, "जित्या माणसाच्या गळ्यात हार. हात कसे झडले नाय रे तुझे."

"कंप्युटरने केलं," नितेश म्हणाला. "हँग होतो कधीकधी."

काकी भिंतीला टेकून बसली होती. "आणण्याआधी तू बघितला होतास काय रे हा?"

"बघितला ना."

"पुरा?"

"पुरा."

काकी म्हणाली, "म्हणजे यात तुझा काका कुठला, तेच तुला समजलं नाय."

धाकूने मान खाली घातली. हार पडला तेव्हा घातली नव्हती, आता घातली.

खोटं बोलून नितेश आणखी खोल रुतला होता. "नाही बघितला, काकी," तो म्हणाला. "एकदापण नाही. एका फोटोचं उचललं नि सगळ्यांवर मारलं."

"मग आता बघ," काकीने रिमोट त्याच्या हातात दिला. "आणि तो कुठे हाय ते दाखवत जा."

त्याने पहिल्यापासून लावला. पहिला फोटो बरोबर. दुसऱ्यात चित्र पाण्याच्या पिंपावर जाऊन थांबलं. तिसऱ्यात काकाचा अर्धा कान. चौथ्यात कॅन्टीनची भिंत नि तिच्यावरचं कॅलेंडर. हे मघाशीही सगळ्यांनी बघितलं होतं, पण बाराव्याच्या घरात बोलतं कोण? उठून पळावंसं वाटत होतं, पण बाप खुर्चीतून हलला नव्हता.

नितेश टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. पाचव्या फोटोत काका सरकत सरकत पडद्याबाहेर गेला. नितेशने टीव्हीच्या शेजारी, कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इथे आहे, काकी."

"पुढचा," काकी म्हणाली.