सतरा क्विंटल, पंचवीस क्विंटल

देवासच्या शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं, या पिकअपमध्ये सतरा क्विंटल माल घालायचा, त्याच्या वर नाही. आणि दीपेश सांगत होता की धारला जुन्या गाड्या विकणाऱ्या विक्रमसिंहाकडे हीच गाडी आहे, हेच मॉडेल, वर्षभर वापरलेली, आणि ती पंचवीस क्विंटल ओढते.

सरलाबाईंना तिथेच खटकलं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन सारख्या गाड्या, आणि एकीच्या पाठीवर आठ क्विंटल जास्त कसे मावतील?

नवरा, गणोजी, गेल्यापासून विहिरींच्या सिमेंटच्या कड्यांचा कारखाना त्याच चालवत होत्या. एक कडं म्हणजे दोन क्विंटल. जुन्या पिकअपने उन्हाळ्यात दम तोडला, तेव्हापासून माल भाड्याच्या गाडीने जात होता. नवी गाडी घ्यायची हे नक्कीच होतं. पण दीपेश, त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा, जो एरवी कुठल्याच कामाची घाई करत नसे, तो या धारच्या गाडीसाठी चार दिवस मागे लागला होता.

"काकी, एक बार देख तो लो," तो म्हणाला. "हातची जाईल."

"जाऊ दे की. तुला एवढी का घाई झालीय?"

त्याने प्रश्न टाळला आणि फोनवरचे गाडीचे फोटो पुढे केले. सरलाबाईंनी ते मनात ठेवलं. विक्रमसिंहाने पोराला काहीतरी दलाली कबूल केली असणार, असा त्यांचा अंदाज होता. तरी त्या निघाल्या, कारण पाहिल्याशिवाय नाही म्हटलं तर हा पुढे वर्षभर ऐकवेल हेही त्यांना ठाऊक होतं.

विक्रमसिंहाचं आवार धारच्या बाहेर, तिरल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. माणूस गोड बोलणारा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गाडीला एक फेरी मारून मागच्या चाकापाशी वाकला.

"हे बघा भाभीजी, दो पट्टे एक्स्ट्रा डलवाए हैं. मागून बसणारच नाही. आणि बॉडी तर पूरी लोखंडाची. तुमची दहा कडी आरामसे."

दहा. सरलाबाईंनी दीपेशकडे पाहिलं. कड्यांचा आकडा त्यांनी तर सांगितला नव्हता. दीपेश चहाचा कप न्याहाळत होता.

त्या उठल्या. स्प्रिंगचे जादा पाटे घातले की गाडी मागून दबलेली दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण पाट्यांनी ब्रेक मोठे होत नाहीत, की आसही जाड होत नाही. त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवर कंपनीची वजनाची पट्टी शोधू लागल्या. शोरूममधल्या गाडीवर ती तिथेच होती. इथे पट्टी होती, पण तिच्यावरून निळा रंग फिरवला होता.

"रंग मारताना लागला असेल," विक्रमसिंह म्हणाला.

"बाकी दारावर तर ब्रशचा एक ओघळ नाही," सरलाबाई म्हणाल्या, आणि घराच्या किल्लीने पट्टी खरवडू लागल्या.

"काकी, काय करताय," दीपेश पुटपुटला.

रंगाखालून आकडा निघाला. भरलेल्या गाडीचं एकूण वजन पस्तीस क्विंटलला दहा किलो कमी. अगदी देवासच्या गाडीसारखंच.

"एकूण म्हणजे गाडीसकट," त्या म्हणाल्या. "मग रिकामी गाडी किती भरते ते पाहू. रस्त्यावर वजनकाटा आहे. चला."

"काट्यावर कशाला? कोणी नेत नाही," विक्रमसिंह म्हणाला.

"मी नेते."

तो हसला, पण मघासारखा नाही. शेवटी गाडी काट्यावर गेली. सरलाबाईंनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि स्वतः खिडकीपाशी उभं राहून आकडा पाहिला. रिकामी गाडी एकवीस क्विंटल. तिची ती लोखंडी बॉडीच एवढी जड होती. मालाला उरले चौदा. त्यातून चालक आणि एक हमाल वजा केला तर सहा कडी, तीही जेमतेम.

"नव्या गाडीत सात बसतात," सरलाबाई म्हणाल्या. "तुमच्या पंचवीस क्विंटलवाल्या गाडीत सहा."

"कागदावर, भाभीजी. रस्त्यावर सब चलता है."

त्यांनी त्याला नमस्कार केला आणि दीपेशने मित्राकडून मागून आणलेल्या गाडीत जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी धार मागे टाकलं. मग सरलाबाईंनी विचारलं, "त्याने तुला काय देऊ केलंय?"

"कोणी?"

"विक्रमसिंहाने. दहा कडी त्याला कुठून कळली?"

"काही नाही दिलं. तुमची शपथ." सरलाबाईंचा विश्वास बसला नाही.

तेवढ्यात पुढे ठेवलेला त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'भैयासाहेब नालछा' असं नाव होतं, विहिरींची कामं घेणारे, त्यांच्याकडून कडी नेणारे. दीपेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तो फोनकडे हात नेणार तोच सरलाबाईंनी उचलला आणि कानाला लावला.

"दीपेश भिया, गाडी झाली का?" पलीकडचा माणूस बोलतच सुटला. "मी खाली वस्तीवर सांगून ठेवलंय, एकेका खेपेला दहा कडी येतील. आणि खंडोजी नाही म्हणतोय तर तूच घेऊन येणार ना? उतार जरा बघून."

खंडोजी त्यांचा जुना चालक. नालछ्याच्या पुढचे उतार त्याला हाताच्या रेषांसारखे माहीत होते. दहा कडी न्यायला तो नाही म्हणाला होता आणि हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"मी सरला बोलते," त्या म्हणाल्या. "खेपेला सात कडी येतील. जमत असेल तर सांगा."

पलीकडचा आवाज नरमला. "वहिनी, विचार करून कळवतो."

त्यांनी फोन जागेवर ठेवला. दीपेशने गाडी कडेला घेतली.

"कामच तसं होतं," तो समोर पाहत म्हणाला. "सात म्हटलं असतं तर दुसऱ्याला गेलं असतं. मग मी विक्रमसिंहाला विचारलं, दहा नेईल अशी गाडी आहे का. तो म्हणाला, आहे."

"आणि तू चालवणार होतास. वीस क्विंटल, त्या उतारावर."

"धीरे धीरे नेली असती."

त्या पोरावर ओरडणार होत्या, पण ओरडल्या नाहीत. सकाळपासून त्या त्याला चोर समजत होत्या आणि तो तर स्वतःच जीव घालवायला निघाला होता. आपल्या संशयाची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त. आणि तरीही मनाचा एक कोपरा विचारत होता, आणखी काय काय सांगितलं नाही याने?

भैयासाहेबांनी दोन दिवसांनी कळवलं. अर्धं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, अर्धं यांच्याकडे ठेवलं. देवासची गाडी आली. खंडोजीने पहिल्या खेपेला सात कडी मोजून चढवली आणि दीपेश शेजारी हमालाच्या जागेवर बसला, तोंड पाडून.

गाडी फाटकातून निघाली तेव्हा सरलाबाई आत गेल्या नाहीत. शेजाऱ्याची स्कूटर मागून घेतली आणि वळणापर्यंत गेल्या, वाटेत कुठे आणखी कडी चढत नाहीत ना ते पाहायला.