जागेवर आलेला तीळ

टांकसाळीत त्याला सगळे भिंगोबा म्हणत. तीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार! नाण्यांचे ठसे हाताने कोरायचे हे त्याचं काम, आणि त्याच्यानंतर ते करणारं आता कोणी उरलं नव्हतं. शेजारची तीन टेबलं रिकामी होती. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांतल्याच एकावर डबा उघडी आणि भिंतीकडे तोंड करून खाई. घरी तरी वेगळं काय होतं म्हणा. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, लेक लांबच्या शहरात, आणि तिचा रविवारचा फोन "बाबा, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का" एवढ्यावर संपणारा.

बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला नसता तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पण झाला, आणि नेमका त्याच्याच नाण्याचा. बावीस वर्षांपूर्वी त्याने कोरलेलं नाणं ते. त्यावर हातात कणीस धरलेल्या बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा. ही बाई कोण, ते सरकारला ठाऊक नव्हतं. घरातल्या तिघांना मात्र होतं. त्याने बायकोलाच खिडकीशी बसवून चित्र काढलं होतं, डाव्या गालावरच्या तिळासकट.

आता ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कुठे नाणं सुलट उतरतं. म्हणून कोरणारा चित्राकडे सरळ बघतच नाही, समोर आरसा लावून आरशात बघतो. काल कामाला लागलेला माणूससुद्धा हे विसरत नाही. हा पठ्ठ्या विसरला! बायकोचा चेहरा कोरायच्या नादात आरसा लावायचा राहूनच गेला. नाणं उतरलं तेव्हा बाईचं तोंड भलतीकडे आणि तीळ उजव्या गालावर. साहेबांना काय, बाई इकडे बघो की तिकडे, त्यांनी पसंत केलं. बायकोने नाणं उजेडात धरलं आणि पोट धरधरून हसली. "अहो, ही मी कुठली? ही तर माझी सवत!" पुढे भाजीला निघाली की म्हणायची, "चला, सवतीला खर्चून येते." सहा वर्षांची लेक मात्र ते नाणं सोडायला तयार नसे. आईला दुकानदाराला कसं द्यायचं म्हणून भोकाड पसरायची.

खोटी नाणी इतकी हुबेहूब होती की यंत्रंही फसली. भिंगोबाने एक उचललं, भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "खोटं." कशावरून? तर तीळ नाही. नकला करणाऱ्यांना तो ठशावरचा कचरा वाटला होता, मेल्यांनी घासून साफ केला होता. मोठे साहेब खूश झाले, पण अख्ख्या देशाला भिंगं वाटत बसता येणार नव्हतं. नवं नाणं काढायचं ठरलं. दोन धातूंचं, कडेला बारीक खाचांचं, तिरकं धरलं तर आकडा दिसेल असं. चेहरा नको, मधोमध झाड. आणि कोरणार यंत्र.

त्या रविवारी लेकीने गोळ्यांचं विचारलंच नाही. "बाबा, पेपरात आलंय नव्या नाण्याचं. आईला काढू देऊ नका हं. माझ्याकडे तिचा आवाजसुद्धा नाहीये हो. ते नाणं तेवढं रोज हातात येतं." बोलता बोलता तिला रडू फुटलं. तीन वर्षांत ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती. "बघतो," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ त्याला हलकं हलकं वाटत राहिलं.

आठवड्याने साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "झाडात कुठे तरी एक खूण लपवायची. तुमच्या त्या ठिपक्यासारखी, हाताने. ती फक्त तुम्हाला, मला आणि तपासनिसाला ठाऊक. चौथ्याला नाही, घरच्यांनाही नाही." मग त्यांनी कागद पुढे सरकवला. नाणं चलनात असेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे किती वर्षं?"

"चाळीस तरी सहज."

भिंगोबा साठीला टेकला होता. त्याने सही केली.

खणातून त्याने बायकोचं जुनं चित्र काढलं आणि झाडाच्या चित्राखाली धरलं. तीळ होता तिथे डावीकडचं एक पान आलं होतं. या खेपेला त्याने आरसा लावला. लावला, पुसला, पुन्हा लावला. श्वास रोखून ठशात टोच मारली, ठसा मेणावर दाबला आणि भिंगातून पाहिलं. "आलीस गं बाई जागेवर," तो मोठ्याने म्हणाला. मान वर करून बघायला खोलीत कोणी नव्हतं. त्याला रडू आवरेना.

नवं नाणं बाजारात आलं त्या रविवारी सकाळीच फोन वाजला.

"बाबा, मिळालं मला. आई नाहीये त्यात."

त्याच्या जिभेवर आलं होतं. डावीकडचं पान, भिंग घे आणि बघ. एवढंच तर सांगायचं होतं. त्याने नाणं मुठीत घट्ट धरलं.

"तुमच्या हातात होतं ना?"

"नव्हतं गं. सगळं यंत्राचं काम."

"मग एक शब्द तरी टाकलात का साहेबांकडे?"

"राहून गेलं," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "गोळ्या घ्या वेळेवर," आणि फोन बंद झाला.

त्याने भिंग लावलं. "सवत गेली गं," तो नाण्याला म्हणाला, "आता तूच आहेस. पण सांगू कुणाला?"

पुढच्या रविवारी तो सकाळपासून फोनजवळ बसून होता. गोळ्याही त्याने वेळेवर घेतल्या, विचारलं तर खरं सांगता यावं म्हणून. दिवे लागायची वेळ झाली, पण फोन आला नाही.