अधांतरी थांबलेली टोपली

मित्रांनो, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर दोरीला लोंबकळणारी जी काळपटलेली वेताची टोपली तुम्हाला दिसते, ती मी. माझ्याकडे सहसा कुणी मान वर करून बघत नाही. आज मात्र जरा बघा. मला धास्ती वाटते आहे, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

मला एका म्हातारीने विणलं. भिजवलेले वेत मांडीवर घेऊन ती स्वतःशीच गुणगुणायची,

वेतामागं वेत चाले, टोपलीला येई पोट,
भर बाई बेतानं गं, दोर काचे, दुखे बोट.

तिच्या ओल्या बोटांतून मी उठले आणि एका मास्तरांच्या घरी आले. मास्तर म्हणजे कपडे शिवणारे. खिडकीला लागून त्यांची शिलाई मशीन, पाठीमागे कापडांचे ढीग, आणि खाली रस्त्यावर बरोबर खिडकीखाली वाण्याचं दुकान. मास्तर मला दोरीने खाली सोडायचे, दुकानदार सामान भरायचा, मास्तर मला वर ओढून घ्यायचे. सुरुवातीला मी भाजी आणायचे, फळं आणायचे, दोऱ्याची रिळं आणायचे. येणारंजाणारं गिऱ्हाईक माझं कौतुक करायचं. "या टोपलीने माझे पाय वाचवले," असं मास्तर ज्याला त्याला सांगायचे, आणि मी खुळी फुलून जायचे.

पाय वाचले खरे. पण वाचवलेले पाय हळूहळू जिना विसरले. मास्तर उठेनासे झाले. सकाळी मशीनवर बसले की दिवे लागेपर्यंत तिथेच. मग माझ्यात फळांऐवजी खाऱ्या दाण्यांच्या पुड्या येऊ लागल्या, तळलेले काप येऊ लागले, आणि वर्तमानपत्राच्या घडीखाली लपवलेलं सिगारेटचं पाकीट. ते बायकोला दिसू नये म्हणून मास्तर आधी घडी उचलायचे आणि मग हाक मारायचे, "अगं, सामान आलं."

मित्रांनो, दोरी मुकी असते असं तुम्हाला वाटतं. पण ओढणाऱ्या हाताची धडधड ती खाली घेऊन येते. पूर्वी ती ठोका धरून चालायची. पुढे ती धावू लागली, मध्येच अडखळू लागली. मला कळत होतं. मला तोंड नव्हतं.

एकदा मास्तरांना घेरी आली, तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि कडक बजावलं. रोज चाला, मीठ कमी करा, सिगारेट सोडा, आणि गोळी एक दिवसही चुकवू नका. गोळी घेऊन बरं वाटू लागलं, तशी मास्तरांनी गोळीच बंद केली. बरा आहे मी, मग औषध कशाला, असं त्यांचं म्हणणं. बायकोने मायेपोटी वेगळीच चूक केली. पुन्हा घेरी येऊ नये म्हणून तिने त्यांना जिनाच बंद केला. टोपली आहे की, असं ती म्हणायची. माझं नाव असं मायेने घेतलं जाई, आणि ते मला भरल्या ओझ्याहून जड वाटे.

मास्तरांची एक खोड होती. मला ओढताना ते मध्येच थांबायचे, दोरीचा एक वेढा खिडकीच्या खुंटीला मारायचे, आणि मी हवेत डोलत असताना वरून दुकानदाराला चिडवायचे, की पुडी हलकी लागते, आणखी टाकशील तरच टोपली खाली येईल. सगळा रस्ता हसायचा. समोरच्या टपरीतल्या इस्त्रीवाल्या मावशीसुद्धा.

त्या दुपारी मी दाणे घेऊन वर निघाले. दोरीला एक हिसका बसला, मग आणखी एक, अगदी दुबळा. खुंटीला वेढा पडला आणि मी दोन मजल्यांच्या मधे थांबले.

खाली हशा पिकला. दुकानदार मान वर करून म्हणाला, "बास झालं मास्तर. आज एक दाणाही जास्त मिळायचा नाही."

वरून उत्तर आलं नाही. मी डोलायची थांबले. दोरी गार, नुसती ओझ्याने ताणलेली. लोक अजून हसत होते.

इस्त्रीवाल्या मावशींचा हात कपड्यावर थांबला. "मशीनचा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यांचं हसूही." इस्त्री तशीच उभी ठेवून त्या जिन्याकडे पळाल्या. मागच्या खोलीत बायको बटणं लावत होती. नवऱ्याची नेहमीची थट्टा चालली असेल, असं तिला वाटलं होतं. मास्तर खिडकीखाली बसले होते, घामाने चिंब, हात छातीवर. मावशींनी पाणी, वारा यात वेळ न घालवता आधी रुग्णवाहिका बोलावली. थोडा उशीर झाला असता, तर हाती काही राहिलं नसतं, असं पुढे डॉक्टर म्हणाले.

मास्तर वाचले. आता ते गोळी चुकवत नाहीत. रोज सकाळी बायकोबरोबर जिना उतरतात, प्रत्येक वळणावर दम खातात, बागेपर्यंत चालून येतात. मी खिडकीबाहेर रिकामी लटकते. माझ्यात कोळ्याने जाळं विणलं आहे. एवढं सुखाचं दुर्लक्ष मी कधी अनुभवलं नव्हतं.

पण मशीनवर आता त्यांची लेक बसते. तिच्याकडे कामाचा ढीग आहे, तिला उठायला फुरसत नाही. आज आईबाबा फिरायला गेले, तेव्हा तिने माझं जाळं झटकलं आणि मला खाली सोडलं. तरुण हात आहे, दोरीतून ठोका अजून स्वच्छ येतो.

"काका," तिने वरून हळूच सांगितलं, "बाबांचं नेहमीचं असायचं ना, तेच द्या. आईला सांगू नका."

दुकानदार खाऱ्या दाण्यांची पुडी हातात धरून माझ्यासमोर उभा आहे. तो वर बघतो, माझ्याकडे बघतो, पुडी टाकतही नाही आणि परत ठेवतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असं बसल्या जागी हाक मारत असेल. त्याच्या हातात सगळं नेऊन देऊ नका. हवेत थांबलेली टोपली दिसली, तर हसण्याआधी वर जाऊन बघा. आणि आत्ता, कुणीतरी या दुकानदाराचा हात धरा. मला रिकामीच राहू द्या. तिला म्हणावं, हवं ते घ्यायला जिन्याने खाली ये.