दांड्याचे साडेचार फेरे

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची जीप मी आकुरेरीच्या बचाव पथकाला द्यायची ठरवली. ती न्यायला स्टेनथोर आला. तीस वर्षं तो आणि बाबा याच पथकातून हिमनदीवर जात होते.

बर्फासाठी चाकं मोठी बसवली की इंजिनाला दम लागतो, म्हणून एक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, गिअर बदलावे लागतात. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाकडून येणारा दांडा जितका जास्त फिरेल, तितका बर्फात जोर आणि रस्त्यावर तितकीच घरघर. पथकात सगळ्यांचे साडेपाच फेरे. बाबांचेही तेवढेच असणार, असं सगळे धरून चालले होते. पण आमच्याकडे कुणाच्या सांगण्यावर गाडी घेत नाहीत, फेरे मोजून घेतात.

स्टेनथोरने मागची चाकं उचलली, दांड्यावर खडूची रेघ मारली आणि गाडीखाली जाऊन आडवा झाला. चाक मी हळूहळू एक फेरा फिरवलं.

"परत फिरव," तो खालून म्हणाला.

तिसऱ्यांदा फिरवल्यावर तो बाहेर आला, हात पुसत बसला. "साडेचार. म्हणून हा लेकाचा चढावर मागे राहायचा. आम्ही म्हातारा म्हणून चिडवायचो आणि हा हसून गप्प."

पुढचा एक्सलही मोजला. तोही साडेचार. म्हणजे चुकून नव्हे, दोन्ही ठरवून बदललेले.

"कधी बदलले असतील?" मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी रेक्याविकला माझे उपचार चालू होते. प्रत्येक खेपेनंतर बाबा मला घरी न्यायला यायचे. पाच तास मी मागच्या सीटवर आडवी. एकदाच मी म्हणाले होते, ही घरघर डोक्यात घुसते. पुढच्या खेपेला गाडी शांत होती. खाली जाजम टाकलंय, असं बाबांनी सांगितलं होतं.

स्टेनथोरला हे सांगितलं. त्याने हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाला, "राहू दे पोरी. गाडी तू ठेव. पथकाला दुसरी बघू."

कुणी कड्याखाली अडकलं असेल आणि ही गाडी चढावर मागे राहिली, तर? बाबांनी तीन वर्षं ती काळजी एकट्याने वाहिली असणार.

"नाही, तू घेऊन जा," मी म्हणाले. "साडेपाच बसव. दोन्हीकडे."

त्याने मान हलवली आणि चाकं खाली उतरवायला लागला. मी मागचं दार उघडून सीटखाली हात घातला. जाजम खरंच होतं. लोकरीचं, जाड, कडेला बाबांच्या ओबडधोबड टाक्यांनी शिवलेलं.

ते मी काढलं नाही. गाडीबरोबर जाऊ दिलं.